धावणारं, वाहणारं, चालणारं ‘रन’

मी परळच्या एका रात्रशाळेत इंग्रजी शिकवते. वर्गात येणारी मंडळी दिवसभर कामं करून येतात आणि कामावरचं इंग्रजी बरोबर घेऊन येतात. फर्निचरच्या कामावर असलेला एक जण सांगतो, ओट्याखालच्या कपाटांचा भाव ‘रनिंग फुटा’वर ठरतो. बांधकामाच्या साइटवर हिशेब ठेवणारा म्हणतो, ठेकेदाराचं ‘रनिंग बिल’ अडकलंय. दवाखान्यात मदतनीस असलेल्या ताई केसपेपरवर ‘रनिंग नोज’ वाचून आलेल्या असतात. लोकलने येणारे एकमेकांना बजावत असतात, ‘रनिंगमध्ये उतरू नको.’ आणि शब्दार्थांच्या वहीत मात्र एकच ओळ असते : रन म्हणजे धावणे, पळणे.

मग प्रश्न येतोच. “बाई, फूट कसा धावेल? आणि नाक कसं पळेल?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. ‘इंग्रजीत असंच म्हणतात, पाठ करा,’ असं सांगून तो मिटवता येतो, पण तसं करणं म्हणजे विचार करणाऱ्या माणसाला गप्प बसवणं. खरं उत्तर द्यायचं तर हजारेक वर्षं मागे जावं लागतं. त्या वाटेवर एक छोटं क्रियापद कसं वाढत जातं ते दिसतं, आणि पाठांतराची गरजही बरीच कमी होते.

कोशातली सर्वांत लांब नोंद

इंग्रजीचा सगळ्यात मोठा कोश म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. त्याची कल्पना १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत मांडली गेली. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादनाची धुरा घेतली. घराच्या आवारात पत्र्याची एक शेड उभारून त्यांनी तिथे काम मांडलं. पहिला भाग १८८४ मध्ये छापून झाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं. तोवर मरे हयात नव्हते.

या कोशाची कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ठिकठिकाणचे वाचक पुस्तकं वाचत आणि एखादा शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून पाठवत. चिठ्ठीवर शब्द, वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल. एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या जमल्या की संपादक त्यांचे अर्थानुसार गठ्ठे करी. सारी कसोटी इथे लागते. ‘नदी रन होते’ आणि ‘नळ रन होतो’ हा एक गठ्ठा की दोन? ‘बस रन होते’ म्हणजे ती रस्त्यावर पळते आहे, की त्या मार्गावर तिची सेवा सुरू आहे? दोन वाक्यांतला फरक पुरेसा झाला असं वाटलं की नवा अर्थ, नवा क्रमांक.

१९८९ मध्ये या कोशाची दुसरी आवृत्ती वीस खंडांत निघाली. तिच्यात सगळ्यात लांब नोंद होती ‘सेट’ या क्रियापदाची. सुट्या क्रियापदाचेच ४३० अर्थ, आणि सगळी नोंद मिळून साठ हजार शब्द. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘एम’ अक्षरापासून नोंदी नव्याने तपासायला घेतल्या गेल्या. २००० मध्ये ‘मेक’ने ‘सेट’ला मागे टाकलं, २००७ मध्ये ‘पुट’ पुढे गेलं आणि २०११ मध्ये पहिला क्रमांक ‘रन’कडे आला. वाक्प्रयोग धरून त्याचे अर्थ भरले ६४५. पीटर गिलिव्हर या कोशकारांनी या एका क्रियापदासाठी नऊ महिने दिले.

सहाशे पंचेचाळीस हा आकडा ऐकून विद्यार्थी खचतील अशी भीती वाटते, पण घडतं उलट. आपल्याला एकच अर्थ ठाऊक होता आणि खुद्द कोशकाराला नऊ महिने लागले, हे कळल्यावर त्यांच्या मनावरचा ताण उतरतो. अडचण आपल्या डोक्यात नाही, शब्दच मोठा आहे, एवढं पटलं की ते नव्या उमेदीने त्याच्याकडे बघतात.

पाणी पहिल्यापासूनच होतं

आता नाकाचा प्रश्न. आपण समजतो की ‘रन’चा मूळ अर्थ धावणे आणि वाहणे हा नंतर चिकटलेला अर्थ. पण जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, ‘रिन्नन’ हे क्रियापद माणसाच्या धावण्यालाही लागत होतं आणि पाण्याच्या वाहण्यालाही. सळसळत, न अडखळता पुढे जाणं ही त्यातली मुख्य गोष्ट. ते पायांनी होतं की उताराने, याला महत्त्व नव्हतं. तेव्हा नाक ‘रन’ होतं ते पळत नाही, वाहतं. हा अर्थ धावण्याइतकाच जुना आहे. नळ, अश्रू, भिजल्यावर उतरणारा कापडाचा रंग, ओघळणारं मेण, इंग्रजीत हे सगळं ‘रन’ होतं ते याच जुन्या नात्याने.

याच ‘रिन्नन’चं एक रूप होतं ‘इर्नन’. ‘र’ने जागा बदलली. आपल्या बोलीत ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ होतं, तशीच ही अक्षरांची अदलाबदल. इंग्रजीत ती पुष्कळ शब्दांत झाली. ‘बर्ड’ पूर्वी ‘ब्रिड’ होतं आणि ‘थर्ड’ होतं ‘थ्रिड’.

त्याच्या जोडीला आणखी एक क्रियापद होतं : ‘ॲर्नन’. अर्थ, धावायला लावणे, घोडा दौडवणे. शिवाय स्कॅन्डिनेव्हियातून येऊन इंग्लंडमध्ये वसलेल्या लोकांच्या बोलीत ‘रिन्ना’ आणि ‘रेन्ना’ अशी जवळची क्रियापदं होतीच. ही सगळी एकमेकांत मिसळत गेली आणि शेवटी एकटं ‘रन’ उरलं. जर्मन भाषेत मात्र ‘रिनेन’ म्हणजे वाहणे आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणे हे दोन शब्द आजही वेगळे आहेत.

या मिसळण्याचा परिणाम फार मोठा झाला. मराठीत आपण चालणे आणि चालवणे, पळणे आणि पळवणे असा भेद रूपातच दाखवतो. इंग्रजीत मूळची दोन क्रियापदं एक झाल्यामुळे स्वतः धावणंही ‘रन’ आणि दुसऱ्याला धाववणंही ‘रन’. ‘ही रन्स’ म्हणजे तो धावतो, आणि ‘ही रन्स अ शॉप’ म्हणजे तो दुकान चालवतो. फळ्यावर ही दोन वाक्यं शेजारी लिहून दुसऱ्याखाली ‘वणे’ असं लिहिलं की माझ्या वर्गात कोणालाच आणखी समजावून सांगावं लागत नाही. पुढचे निम्मे अर्थ या एका ‘वणे’मधून उलगडतात.

आणखी मागे गेलं तर या शब्दाचे नातेवाईक आपल्या ओळखीचे निघतात. अनेक भाषाशास्त्रज्ञांच्या मते ‘रन’ हे ज्या प्राचीन धातूपासून आलं, त्यातूनच लॅटिनमध्ये ओढा या अर्थाचा ‘रीवस’ शब्द झाला. एकाच ओढ्याचं पाणी वापरणारे शेजारी ते ‘रिव्हॅलिस’, आणि त्यावरून इंग्रजीत प्रतिस्पर्ध्याला ‘रायव्हल’ म्हणू लागले. बांधावरच्या पाटाच्या पाण्यावरून होणारी भांडणं ज्याने पाहिली आहेत, त्याला या शब्दाचा जन्म वेगळा सांगायला नको. त्याच कुळातला संस्कृत धातू आहे ‘री’, अर्थ वाहणे. त्यापासून झालेला ‘रीति’ हा शब्द आधी प्रवाह, गती या अर्थाने येतो आणि मग वहिवाट, पद्धत या अर्थाने. आपण रोज म्हणतो ती रीत हीच.

यंत्रं आली आणि शब्दाने वेग घेतला

काही शतकं ‘रन’ माणसं, जनावरं, जहाजं आणि पाणी यांच्याबरोबर राहिलं. त्याचा मोठा विस्तार झाला तो यंत्रांच्या काळात. चक्र फिरू लागलं, पट्टा सरकू लागला, आणि थांबल्याशिवाय एका गतीने होणाऱ्या या हालचालीला शब्द हवा होता. ‘रन’मध्ये सलगपणा आधीपासूनच होता. मग यंत्र ‘रन’ होऊ लागलं, ते चालवणारा माणूस ते ‘रन’ करू लागला, आणि अमेरिकेत १९व्या शतकात तोच शब्द यंत्रावरून गिरणीला, गिरणीवरून सगळ्या धंद्याला लागला. आज हॉटेल, संस्था, घर, देश, सगळं ‘रन’ केलं जातं.

रेल्वेने यात भर घातली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली प्रवासी गाडी गेली. इंग्रजीत गाडी ‘रन’ होते आणि मराठीतही ‘उद्या जादा गाड्या धावणार’ असं वर्तमानपत्रं छापतात. 

निवडणुकीचं उदाहरण वर्गात हमखास रंगतं. ब्रिटनमध्ये उमेदवार निवडणुकीला ‘स्टँड’ होतो, अमेरिकेत तो ‘रन’ करतो. अमेरिकन वाक्यात शर्यतीची कल्पना आहे, ब्रिटिश वाक्यात लोकांसमोर येऊन उभं राहण्याची. मराठीतही उमेदवार उभाच राहतो. एकाच कृतीकडे तीन समाजांनी कसं पाहिलं, हे क्रियापदावरून कळतं.

बँकेवरचा ‘रन’ तर अक्षरशः पायांचा. बँक बुडणार अशी धास्ती पसरली की ठेवीदार पैसे काढायला धाव घेतात. २००७ साली ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर अशा रांगा साऱ्या जगाने पाहिल्या. रांगेतली माणसं एका जागी उभी असली तरी त्याला ‘रन’च म्हणतात, कारण शब्द घाबरून धाव घेण्याला लागलेला आहे.

आणि क्रिकेट. फार पूर्वी धावांना ‘नॉच’ म्हणत, कारण गुणलेखक काठीवर एकेका धावेची खाच पाडत असे. पुढे ‘रन’ रूढ झाला. आज चेंडू सीमापार गेला की फलंदाज एक पाऊलही न टाकता चार किंवा सहा ‘रन’ मिळवतो. पाय बाजूला राहिले आणि ‘रन’ म्हणजे गुण एवढाच अर्थ उरला. मराठीने इथे ‘धाव’ हा शब्द घेतला आणि त्यावरून धावबाद, धावफलक, धावसंख्या असं सगळं कुटुंब उभं केलं. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांच्या आवाजातून ते आकाशवाणीवरून घरोघरी पोचलं.

संगणकाचा अर्थ सगळ्यात अलीकडचा. सुरुवातीच्या संगणकांना पंच कार्डांची चळत भरवावी लागे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या एका फेरीला ‘रन’ म्हणत. शब्द यंत्राकडून आला आणि यंत्राचं रूप पालटलं तरी टिकून राहिला. डेटा एंट्रीचं काम करणारी माझी एक विद्यार्थिनी सहज म्हणते, ‘प्रोग्रॅम रन करून बघते.’ तिच्या वाक्यात तो आता मराठीच आहे.

रनिंग फूट, रनिंग बिल आणि धावदोरा

आता फुटाकडे येऊ. इथे वाहण्यातला सलगपणा तेवढा घ्यायचा. कपाट उंचीला किती, खोलीला किती, हे आधीच ठरलेलं असतं. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप न तोडता नेली की जी लांबी भरते ती रनिंग फुटांत. रनिंग बिलही तसंच. काम पुरं झाल्यावरचं ते शेवटचं बिल. काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघतं ते रनिंग.

हे मला सगळ्यात छान समजावून दिलं ते शिवणकाम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने. “म्हणजे धावदोऱ्यासारखं ना बाई?” असं म्हणून तिने पिशवीतून कापडाचा तुकडा आणि सुई काढली. सुई कापडात खाली गेली, थोडं अंतर ठेवून वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. चार-सहा टाके सुईवरच गोळा झाले आणि मग दोरा एकदमच ओढून घेतला. मागे फिरणं नाही, गाठ नाही, एका रेषेत पुढेच. इंग्रजीत हा ‘रनिंग स्टिच’. आपल्या आयाबायांनी गोधड्या याच टाक्याने शिवल्या आणि त्याला नाव दिलं धावदोरा. दोन्ही भाषांना इथे धावच दिसली.

ओळीने, एकामागून एक, हा अर्थ कळला की बरंच काही हाती येतं. नाटकाचे सलग प्रयोग म्हणजे त्याचा ‘रन’. पाश्चात्त्य संगीतात झरझर ओळीने येणारे स्वर म्हणजे ‘रन’. आपल्या तानेच्या जवळचा प्रकार. गिरणीतून निघालेला, प्रतवारी न केलेला माल म्हणजे ‘रन ऑफ द मिल’, आणि त्यावरून कोणतीही साधारण वस्तू. माझ्या वर्गात गिरणी कामगारांची नातवंडं आहेत. माल निघाल्यावर त्याची तपासणी, प्रतवारी कशी होते हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं, म्हणून हा वाक्प्रचार त्यांना लगेच कळतो.

ज्या जागेत धावायचं तिलाही शब्द लागतो. विमानाचा ‘रनवे’ आहेच. कोंबड्यांसाठी जाळी लावलेलं आवार म्हणजे ‘चिकन रन’, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मेंढ्या चारायची अफाट जमीन म्हणजे ‘शीप रन’. विहिरीवर मोट असे तेव्हा बैल ज्या उतरणीवरून जात-येत तिला आपल्याकडे धावच म्हणत. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी तीही धाव. भाषा कोणतीही असो, हालचालीचं नाव जागेला आणि वस्तूला देणं ही माणसाची सवय दिसते.

राहता राहिले जोडशब्द. ‘रन आउट’ म्हणजे संपणे. भांड्यातलं सगळं वाहून बाहेर गेलं की भांडं रिकामं होतं. मग पेट्रोल संपो, पैसे संपोत की वेळ. ‘रन इंटू’ म्हणजे जाता जाता आदळणे, आणि म्हणून अचानक गाठ पडणेही. ‘रन अप अ बिल’ म्हणजे बिल चढत जाणे. प्रत्येक ठिकाणी छोटा शब्द दिशा सांगतो आणि ‘रन’ ओघ पुरवतो.

आपलं ‘चालणे’

एवढं सगळं झाल्यावर मी वर्गाला विचारते, मराठीत असं क्रियापद कोणतं? कोणी ना कोणी सांगतंच : चालणे.

घड्याळ चालतं, दुकान चालतं, पिक्चर चालतो, खटला चालतो. हात चालतो, जीभ चालते, डोकं चालत नाही. एखाद्याचं घरात काही चालत नाही. जुनी नोट चालत नाही, आणि चहाऐवजी कॉफी चालते. काय चाललंय, असं विचारून आपण एकमेकांची ख्यालीखुशाली घेतो. माणूस चालू असतो, दिवा चालू असतो, महिनाही चालू असतो. इंग्रजीत जे धावतं त्यातलं पुष्कळसं मराठीत चालतं, पण ‘चालेल’ हा होकार ‘रन’ला साधलेला नाही. मला वाटतं, नाणं हातोहात फिरतं म्हणजे लोक ते घेतात, आणि लोक घेतात म्हणजे ते मान्य आहे. फिरण्यापासून संमतीपर्यंतचा हा पल्ला मराठीने आपल्या हिमतीवर गाठला.

चाल म्हणजे पावलांची ढब, बुद्धिबळातली खेळी, गाण्याची धून आणि समाजातली पद्धतही. ‘चालरीत’ हा शब्द घ्या. त्यातली रीत वाहण्यावरून आलेली आणि चाल चालण्यावरून. पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात राहिलेल्या गोष्टीला नाव देताना आपल्या पूर्वजांनी गतीचे दोन शब्द एकत्र बांधले.

आपली कोशपरंपराही लहान नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, इथल्या शास्त्री-पंडितांच्या मदतीने. त्याची दुसरी आवृत्ती आली १८५७ मध्ये, लंडनमध्ये ऑक्सफर्डच्या कोशाची कल्पना मांडली गेली त्याच साली. पुढे १९३२ पासून दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश खंडाखंडाने प्रसिद्ध झाला. यातलं एखादं लहान क्रियापद काढून नोंद सावकाश वाचावी. शेतापासून देवळापर्यंतचं सगळं जगणं त्या एका नोंदीत सापडतं.

यादी नको, ओळख हवी

माझ्या वर्गात आता प्रत्येक लहान इंग्रजी क्रियापदाला वहीचं एक अख्खं पान असतं. त्यात मी अर्थ लिहून देत नाही. प्रत्येकाने आपल्या कामावर ऐकलेली, पाटीवर वाचलेली, मोबाइलवर दिसलेली वाक्यं लिहायची. मग ‘रन’च्या पानावर आम्ही दर वाक्याला चारच प्रश्न विचारतो. इथे पाय आहेत का? काही वाहतंय का? कोणी काही चालवतंय का? की काही ओळीने, न तुटता पुढे जातंय? ६४५ अर्थ या चार प्रश्नांत पुरे मावत नाहीत, पण रोज भेटणारी बहुतेक वाक्यं मावतात. आणि न मावणारं वाक्य आलं की त्यावर वर्गात जी चर्चा होते तिचं मोल मोठं असतं. ‘नोज’चं वाक्य कुठे जातं, हे आता दवाखान्यातल्या ताईच इतरांना सांगतात.

शाळेतल्या पुस्तकांनी आणि खिशातल्या इंग्रजी-मराठी कोशांनी या लहान क्रियापदांना अजून पुरेशी जागा दिलेली नाही. अवघड, भारदस्त शब्दांच्या याद्या सगळीकडे मिळतात. पण मुलाखतीत, दुकानात, मशीनवरच्या सूचनेत आणि औषधाच्या चिठ्ठीत भेटतात ते गेट, पुट, टेक, सेट आणि रन. ज्याने शाळा मध्येच सोडून काम धरलं आणि आता तिशीत पुन्हा वही उघडली, त्याच्याकडे याद्या पाठ करायला वेळ नाही. त्याला शब्दाची चाल कळली पाहिजे. एक शब्द पाण्यावरून, यंत्रावरून, स्वतःच्या हातातल्या सुईवरून ओळखला की पुढचं अनोळखी वाक्य तो आपल्या अकलेने लावू शकतो. इंग्रजी शिकवण्यात यापेक्षा मोठं यश मला ठाऊक नाही.